दुखण्याची पत

आमच्या दिघीच्या सोसायटीत संध्याकाळी बागेत जी बैठक भरते, तिथल्या जागा वयावर ठरत नाहीत, आजारावर ठरतात. बायपासवाले मधल्या बाकावर. दोन्ही गुडघे बदललेले त्यांच्या उजव्या हाताला. एकच गुडघा बदललेले एक गृहस्थ आहेत, ते जरा अंग चोरून कडेला बसतात आणि दुसरा कधी निकामी होतोय याची वाट बघतात. मोतीबिंदूवाले उभेच असतात, मोतीबिंदूला आता कोणी ऑपरेशन म्हणत नाही. आणि इथे मी बोटाचं ऑपरेशन घेऊन गेलो.

माझी उमेदीची वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या इन्स्पेक्शन टेबलावर गेली. मायक्रोमीटर फिरवायचा, गो-नो-गो गेज घालायचा, जॉब पास किंवा रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर उजव्या हाताची अनामिका एका सकाळी मुठीतून उठेना. डाव्या हाताने उचलली, तर ‘खट’ असा आवाज करून सरळ झाली. पुढे हे रोजचंच झालं. सौ. आतल्या खोलीतून विचारायची, ‘‘अहो, कुठला दिवा लावलात?’’ भाजीवालीला पाच जुड्या म्हणून पंजा दाखवला, तर तिने चारच दिल्या. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बोट मिटवणारी टेंडन हाडालगतच्या छोट्या छोट्या कड्यांतून ओवलेली असते. तळहाताकडच्या पहिल्या कड्याला एवन पुली म्हणतात. ती जाड होते, टेंडनला गाठ येते, आणि गाठ त्या कड्यात अडकते. आल्फोन्स नोटा नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1850 साली या गाठीचं वर्णन केलं, म्हणून ती नोटाची गाठ. डॉक्टर पुढेही सांगत होते, पण माझ्या डोक्यात प्रकाश कधीच पडला होता. हा सरळसरळ शाफ्ट आणि बुशचा मामला होता. क्लिअरन्स संपला, शाफ्ट जाम. आमच्याकडे असा जॉब आला असता तर लाल शाई लावून बाजूला ठेवला असता. ‘‘बुश रीम करता येतो का?’’ मी विचारलं. ‘‘नाही, कापून उघडायचा,’’ डॉक्टर म्हणाले. त्यांनी बुश हा शब्द विनातक्रार स्वीकारला, त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्याआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं. मला मधुमेह आहे. सर्वसाधारण माणसांत शंभरात दोन-तीन जणांना कधी ना कधी हा विकार होतो, मधुमेह्यांत दहापर्यंत. म्हणजे शर्करेने मला इथेही आरक्षण दिलं होतं. इंजेक्शनने बोट थोडे दिवस सुटलं आणि साखर वर गेली. ती इंजेक्शनने चढते असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगूनही घरातला संशय आमरसावरच राहिला, आणि आमरस बंद झाला.

मग ऑपरेशन. पंधरा-वीस मिनिटांचं काम. हात तेवढा बधिर, बाकी मी पूर्ण शुद्धीत. टेबलावरच डॉक्टरांनी सांगितलं, ‘‘काका, मूठ करा. उघडा.’’ बोट लोण्यातून निघाल्यागत सरकलं. मुलाने दिवसभराची रजा टाकली होती, तो अकरा वाजता मोकळा झाला आणि दिवसभर माझ्याकडे रजा वाया घालवणारा इसम म्हणून बघत होता. आत्येबहीण शहाळी घेऊन आली. दार उघडायला मीच गेलो. ‘‘अरे, तू हिंडतोयस?’’ असं ती इतक्या निराशेने म्हणाली, की मला उगाचच सोफ्यावर आडवं व्हावं लागलं.

टाके निघाले आणि खरी गंमत सुरू झाली. खटका गेला होता, पण बोट आता पूर्ण उघडेना आणि पूर्ण मिटेनाही. आधी ते निदान अडकण्यापुरतं तरी प्रवास करायचं. तळहात सुजलेला, कातडी तुकतुकीत, व्रणावर स्कूटरची मूठ टेकली की थेट कोपरापर्यंत कळ. बसच्या दांडीला धरता येईना, डबा उघडता येईना, आणि नमस्कार करताना उजवा पंजा डाव्यावर बसेना. घरी हे सांगितलं की उत्तर ठरलेलं, ‘‘एवढंसं तर बोट!’’ हृदयाला कोणी एवढंसं म्हणत नाही. माणसाचं हृदय साधारण त्याच्या मुठीएवढंच असतं, पण माझी मूठच वळत नसल्याने हा मुद्दा मला प्रात्यक्षिकासह मांडता आला नाही.

तपासणीला गेलो. डॉक्टरांनी हात उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘‘सीआरपीएस तर नाही ना, ते बघायला हवं. चार दिवसांनी या.’’ कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम. चार शब्द, आणि त्यातला पहिलाच कॉम्प्लेक्स!

त्या संध्याकाळी मी ही बातमी बागेत सोडली. लहानशा इजेनंतर मज्जासंस्थाच बिथरते, हात सुजतो, रंग बदलतो, तापतो किंवा गार पडतो. जर्मनीच्या सुडेक नावाच्या सर्जनने 1900 साली यावर लिहिलं, आणि त्याच्याही आधी अमेरिकेच्या यादवी युद्धात गोळी लागून नस दुखावलेल्या सैनिकांमध्ये वीअर मिचेल नावाच्या डॉक्टरने असाच दाह पाहिला होता. सैनिक म्हटल्यावर आमचे निवृत्त हवालदारसाहेब सावरून बसले. दिघीत लष्कराला मान आहे. त्यांनी मधल्या बाकावर मला जागा करून दिली. बायपासवाल्यांपैकी एकाने ‘‘जपा हो’’ म्हटलं. गुडघेवाले गप्प होते. फॅमिली ग्रुपवर सुनेने हात जोडल्याची चिन्हं टाकली, आणि तिसऱ्या दिवशी वाटीभर आमरस आला.

चौथ्या दिवशी सौ.ला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. या विकाराच्या निदानासाठी जे निकष आहेत त्यांना बुडापेस्ट निकष म्हणतात. त्यांतली पहिलीच अट अशी की दुखणं मूळ इजेच्या मानाने अवाजवी असलं पाहिजे. हे ऐकून सौ. डॉक्टरांना म्हणाली, ‘‘हे तर मी लग्नापासून सांगतेय.’’

डॉक्टरांनी दोन्ही हातांचं तापमान पाहिलं, रंग ताडून पाहिला, नखं पाहिली. काही सापडेना. मी मदत केली, ‘‘डॉक्टर, या हाताला घाम येतो थोडा.’’

‘‘काका, जून आहे.’’

सीआरपीएस नाही. नुसता कडकपणा, मधुमेहात जास्त दिसतो, महिनोन्महिने रेंगाळू शकतो, व्यायामाने उतरेल. एका वाक्यात मी मधल्या बाकावरून उठलो. ग्रुपवर काय कळवावं हे मला सुचेना, सुनेने ‘बाबांचे रिपोर्ट नॉर्मल’ असं टाकून दिलं. शहाळी आणणाऱ्यांची नजर मला त्या नॉर्मलमध्ये दिसली.

व्यायाम मात्र हवालदारसाहेबांनी ताब्यात घेतले. बोटं ताठ, मग वरची पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ. बागेत सर्वांसमोर ‘‘एक! दो!’’ सुरू झालं. शिवाय मेणाचा शेक. पॅराफिन वितळवून, पोळणार नाही इतकं निववून, त्यात हात बुडवायचा. सौ. भांडं देईना. शेवटी दुधाचं जुनं पातेलं मिळालं आणि मी थर्मामीटर लावून बावन्न अंशांवर पास केलं. या घरात त्या दिवशी मी पहिल्यांदा काहीतरी पास केलं.

अशात पालखी आली. ज्ञानोबांचा सोहळा आळंदीहून निघाला की पुण्याच्या वाटेवर दिघीतूनच जातो, मॅगझिन चौकात पहाटेपासून मुंगीला वाट नसते. आमची सोसायटी रस्त्याकडेला चहा वाटते. मी डाव्या हाताने कप देत होतो. परभणीकडची एक मावशी थांबली.

‘‘काय झालं वो हाताला?’’

मी एवन पुलीपासून बुडापेस्टपर्यंत सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, मग आपला उजवा हात पुढे केला. अंगठा वाकडा होऊन बसला होता. डाव्या हाताने तिने तो ओढला. खट! ‘‘माजा बी असाच हाय की. कापूस येचून येचून.’’

मी ऑपरेशन सुचवलं. ‘‘बगू, औंदाचा कापूस निगाला की,’’ ती म्हणाली आणि दुसरा कप घेतला. जाता जाता वळली. ‘‘तुमी बसून ऱ्हाऊ नगा. घरात भांडी घासू लागा बायकुला. आपुआप सुटंल बोट.’’

सौ. शेजारीच बिस्किटं वाटत होती.

फिजिओथेरपिस्टला विचारलं, तोही म्हणाला, उत्तमच, कोमट पाणी घ्या आणि स्पंज नीट दाबा. बोट सुटतंय हळूहळू. कुकर आणि ताटं आता पहिल्या फेरीत पास होतात. कढई मात्र सौ. बोट फिरवून बघते आणि रिवर्कला परत पाठवते.