सायबर सर

तुळजापूर असो, भूम असो की उमरगा, तहसील कचेरीच्या आसपास ऑनलाइन कामाचं दुकान असतंच आणि त्यात एक 'सायबर सर' बसलेले असतातच. दारावर त्यांनी स्वतः छापून लावलेला कागद: 'ओटीपी कोणालाही सांगू नका.' आतून त्यांचाच आवाज येतो, "मावशी, आला का ओटीपी? सांगा लवकर, टाइम संपायलाय!"

सुरक्षितता आणि झटपट काम, दोन्ही एकाच एक्सेल फाइलीत बसवल्याचा सरांना भारी अभिमान. नाव, गट नंबर, फार्मर आयडी, पासवर्ड असे रकाने. फाइलीला पासवर्ड, तो मॉनिटरवरच्या पिवळ्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी पडू नये म्हणून वर सेलोटेप. ऐन पीकविम्याच्या गर्दीत सरांनी नावं अकारविल्हे लावली. पासवर्डचा रकाना जागच्या जागी राहिला. तेव्हापासून कुणाचाही पासवर्ड कुणालाच लागत नाही. "चोरानं फाइल नेली तरी काय करंल?" सर म्हणतात. "ह्याला एन्क्रिप्शन म्हणतेत."

व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं खोटी एपीके फाइल फिरू लागली की सर लगेच जागे होतात. 'ही उघडू नका' असं लिहून तीच फाइल सगळ्या ग्रुपवर पाठवतात. त्यानंतर 1930 हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांकही पाठवतात. तो गावागावांत पाठ झाला, त्याचं श्रेय सरांचंच.

ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल लागतं. म्हाताऱ्यांना आपलं जन्मसाल ठाऊक नसतं. सरांना सगळ्या शिवाराचं तोंडपाठ.

परवा मात्र सर अडले. एका आजीच्या आधारला जोडलेला मोबाइल नातवाकडे, नातू पुण्याला. सरांनी फोन लावून ओटीपी मागितला.

"आधी आजीला द्या," नातू म्हणाला. "आजी, आपल्या म्हशीचं नाव काय?"

"चंद्री. का रं?"

तेव्हा कुठे सहा आकडे मिळाले. एवढी कडक तपासणी सरांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आजी दुकानाची पायरी उतरायच्या आत त्यांनी फाइल उघडली आणि पासवर्डशेजारी नवा रकाना टाकला: 'म्हैस'.