थोडं थांबायला काय झालं होतं?

प्रति,
मदरबोर्डवरच्या पंख्याचं वेळापत्रक आखणारे अभियंता महोदय,

ब्राउझरचा एक टॅब उघडला की पंखा घोंघावत सुटतो, दोन सेकंदांत गप्प होतो आणि पुढच्या टॅबला पुन्हा सुटतो. एकसारखा आवाज माणूस विसरून जातो, हा चढउतार विसरता येत नाही. रात्री काम करणाऱ्या हजारोंच्या डोक्याला हा ताप तुम्ही लावलात.

पंखा तुम्ही प्रोसेसरच्या पोटातल्या सेन्सरला जुंपलात. क्षणभर काम वाढलं की तिथला आकडा ४५ अंशांवरून ६५ वर उडी मारतो आणि काम संपताच कोसळतो. पण पंखा वारा घालतो तो वरच्या हीटसिंकवर! ते धातूचं धूड तापायला कितीतरी जास्त वेळ लागतो. पंखा बोंबलत असताना ते जवळजवळ पूर्वीइतकंच गार असतं. मग तुम्ही नक्की काय थंड करत होतात?

आणि त्या आकड्यावर इतकी श्रद्धा? २०१७ मध्ये एएमडीने रायझन १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर आणले. पंख्याचं धोरण सगळ्या चिपांना सारखं लागू पडावं म्हणून त्यांचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंशांनी चढवून दिला जाई. पंख्याला मिळणारा आकडा हा नियंत्रणासाठीचा इशारा असतो. इशारा वाचायला डोकं लागतं, ते तुम्ही वापरलं नाही.

चिप जळेल या भीतीची ढाल पुढे करू नका. मर्यादा गाठली की आजचे प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतात, तरीही तापत राहिले तर यंत्र बंद करतात. ६५ अंशांवर किंचाळण्याचं कारणच नाही. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, वीज मात्र आठपट लागते.

लिनक्सवरचं फॅनकंट्रोल साध्या मांडणीत दर १० सेकंदांनी तापमान पाहतं. फुकटच्या प्रोग्रामला जमलेला हा धीर तुम्हाला विकतच्या बोर्डात घालता आला नाही. काही बोर्डांवर विलंबाची सोय असते, तीही आतल्या कुठल्यातरी पानात दडवलेली. सामान्य गिऱ्हाइकाने ती शोधायची कशी?

पुढच्या फर्मवेअरमध्ये गेल्या काही सेकंदांतल्या तापमानाची सरासरी घ्या. ६० अंशांना चढवलेला वेग ५० च्या खाली गेल्यावरच उतरवा. आणि बोर्ड बाजारात पाठवण्याआधी एक रात्र त्याच्याशेजारी बसून काम करा.

आपला,
एक ग्राहक