किती देते?

जुन्या मोटारींच्या शौकिनांना सध्या एकच घोर लागला आहे: पोरं येत नाहीत. गाडी आहे, गॅरेज आहे, गाडीवर घालायला नवंकोरं कव्हर आहे. हे सगळं पुढे कोणाच्या गळ्यात घालायचं, तो गळा तेवढा सापडत नाही. मुंबई-पुण्याच्या शौकिनांना ही चिंता शोभते. त्यांच्याकडे संस्थानिकांच्या गाड्या आहेत, रॅल्या आहेत, झेंडा दाखवायला नट्या आहेत. पण नगरकरांनीही त्यांच्या सुरात सूर मिसळून रडावं, हे अतीच झालं. (ज्यांना अहिल्यानगर म्हणायचं त्यांनी तसं वाचावं. नाव २०२४ मध्ये बदललं. गाडीचा नट न् नट मूळचा हवा असा बाणा असणाऱ्यांची त्यामुळे जरा पंचाईतच झाली आहे, कारण आरसी बुकातलं गावच आता मूळचं राहिलेलं नाही.)

नगरने का रडू नये? तर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर रस्त्यावर. बेडफर्डची बस, लाकडी सांगाडा, काथ्याच्या गाद्या. १९७२ साली फिरोदियांनी लुना मोपेड आणली आणि दौंड रस्त्यावरच्या कारखान्यामुळे नगर हे लुनाचं माहेर झालं. गावाबाहेर वाहननगर नावाची वसाहतच आहे. तिथे संरक्षण खात्याची संशोधन संस्था लष्करी गाड्यांना मुद्दाम खडबडीत ट्रॅकवर पळवून त्यांची हाडं किती टिकतात ते पाहते. नगरमध्ये त्यासाठी वेगळा ट्रॅक बांधायची गरज का पडली, हे मात्र बहुधा संरक्षणविषयक गुपितात मोडत असावं.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे रणगाडा संग्रहालय. १९९४ पासून लष्कराने ते थाटलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या जमान्यातली रोल्स-रॉइसची चिलखती मोटार तिथे आहे, माटिल्डा आहे, चर्चिल आहे, व्हॅलेंटाइन आहे, जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ आहे, आपला विजयंता आहे. जगभरातले शौकीन ज्या यंत्राचा फोटो पाहूनच उसासे टाकतात, ते इथे रिक्षाच्या भाड्यात बघायला मिळतं. एका रविवारी तिथे चर्चिलसमोर एक कुटुंब उभं होतं. वडिलांनी पट्ट्यापासून तोफेपर्यंत नजर फिरवली, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, “किती देत असंल हो?” शेजारच्या गृहस्थांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “लिटरला अर्धा. सर्व्हिसिंग केलेली असंल तर.” दोघांचंही समाधान झालं. त्यांचं पोरगं मात्र रणगाड्याला दोन चकरा मारून आलं होतं. त्याचा प्रश्न वेगळा होता. “पप्पा, ह्याच्या आत कुठनं बसायचं?” पप्पा म्हणाले, “हात लावू नको.”

लष्कराचं एक वेळ समजू शकतो, तोफेशी खेळ बरा नव्हे. पण नगरच्या कुठल्याही शौकिनाच्या गॅरेजात जा, तिथेही पोराच्या वाट्याला हेच तीन शब्द येतात. “बघ, पण हात लावू नको. बस, पण दार आपटू नको. फोटो काढ, पण टेकून नको.” शिवाय गाडीची माहिती ऐकावी लागते. १९६२ साली आजोबांनी ती कोणत्या डॉक्टरांकडून घेतली, त्या डॉक्टरांचे व्याही कोण, मग मूळचा हॉर्न कुर्ल्याच्या भंगारात कसा सापडला. पोरगं अर्ध्या तासाने आईचा फोन आल्याचं निमित्त करून सटकतं. आजोबा मान हलवून म्हणतात, या पिढीला कशात रसच नाही.

सरकारनेही आपल्या परीने तरुणांना आकर्षित करायचं मनावर घेतलं आहे. २०२१ च्या जुलैत व्हिंटेज गाड्यांचे नियम निघाले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली खासगी दुचाकी किंवा चारचाकी ही व्हिंटेज. नव्याने नोंदणी करायची तर ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुढच्या खेपेला ५,०००. गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

आता हिशेब करा. १९७२ ची लुना पन्नाशी ओलांडून कायद्याने रोल्स-रॉइसच्या पंगतीला बसली आहे. ती निघाली तेव्हा दोनेक हजारांत घरी यायची. आज कोणा पोराला आजोबांच्या गोठ्यात तिचा सांगाडा सापडला आणि कागदपत्रं उंदरांनी खाल्लेली असली, तर नुसत्या नोंदणीला गाडीच्या दहापट पैसे. एवढं करून तिच्यावरून भाजी आणायची नाही, दुधाची किटली लावायची नाही, मागे बहिणीला बसवून परीक्षेला न्यायचं नाही. म्हणजे लुनाने जन्मभर जे केलं, नेमकी त्यालाच बंदी. हवालदाराने अडवलं तर “रॅलीला चाललोय” म्हणायचं आणि मेथीची जुडी शर्टात कोंबायची.

तरी पोरं येत नाहीत, यात मला तथ्य वाटत नाही. येत नाहीत ती सभेला. गाडीकडे तर ती केव्हाच आली आहेत. आरएक्स १०० मोटारसायकलचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, आणि आज पाथर्डी-शेवगावकडे विशीतलं पोरगं, जे स्वतः त्या गाडीपेक्षा लहान आहे, तिच्या मूळ टाकीसाठी सगळा जिल्हा पालथा घालतं. टू-स्ट्रोकच्या आवाजावरून साल सांगतं. कार्बोरेटर खोलून जेट फुंकून परत बसवायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं. बापाने नवी गाडी घेऊन देतो म्हटलं तरी नको म्हणतं, हे तर विशेषच. पण आमच्या शौकिनांच्या लेखी हा छंद नव्हे, टवाळकी. चार चाकं असली की वारसा आणि दोन असली की उपद्रव, अशी ही वर्गवारी आहे. कबूल आहे, सायलेन्सरमधला फटाका मलाही आवडत नाही, आणि पोलिसांनी असले सायलेन्सर रोलरखाली घातले की मी पेपरातला फोटो दोनदा बघतो. पण घरातल्या गॅरेजात फियाट, दारात नातवाची आरएक्स, आणि आजोबा विचारतात नातवाला जुन्या गाड्यांची आवड कशी लावावी. आता बोला!

मुंबईत पद्मिनी टॅक्सीचा २०२३ च्या ऑक्टोबरात शेवट झाला, तेव्हा हीच पोरं मोबाइलवर रडक्या चेहऱ्यांची रांग लावत होती. आजोबांनी ते पाहिलं नाही. ते कव्हर झटकत होते.

जुनी गाडी आणि तरुण यांची खरी गाठ हल्ली पडते ती प्री-वेडिंगला. चांदबिबीच्या महालाकडे चढणाऱ्या रस्त्यावर मी अशी एक गाठ पाहिली आहे. करड्या रंगाची फियाट भाड्याने आणलेली, नवरदेव सूट-गॉगलमध्ये, नवरी पायघोळ तांबड्या झग्यात, आणि मालक आबा टोपी घालून स्टिअरिंगवर, कारण स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा कुठे ढकलायचा हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. एप्रिलचं ऊन, तिसरं वळण, आणि गाडीने प्राण सोडला. रेडिएटरमधून वाफ निघाली. फोटोग्राफर हरखला. “आबा, हलवू नका, नॅचरल फॉग आलाय!” आबांनी बॉनेट उघडलं आणि हाक मारली, “फडकं आणा रे कोणीतरी, पंप तापलाय.” फडकं नव्हतं. नवरदेवाने खिशातला रेशमी रुमाल काढला, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत बुडवला आणि आबा दाखवतील तिथे धरला.

मग तो हललाच नाही. पेट्रोलची वाफ झाली की पंप का उचलत नाही, ओलं फडकं काय करतं, पॉइंट म्हणजे काय, डायनामो कुठला, सगळं विचारून घेतलं. कोटाच्या बाह्या वर, कोपरापर्यंत काळं. नवरी दोनदा म्हणाली, “अहो, ऊन उतरतंय.” शेवटी तीही वाकून बघायला लागली आणि दहा मिनिटांनी तिनेच आबांना विचारलं की ही निळी वायर सुटलेली आहे का. सुटलेली होती. आबांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता. चाळीस वर्षं घरात ज्या वायरीबद्दल कोणी चौकशी केली नव्हती, तिची चौकशी परक्या घरची सून करत होती.

महाराष्ट्रात धुऊन पुसून उभ्या केलेल्या गाडीकडे कोणी ढुंकून बघत नाही. तीच गाडी बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी करा. पाच मिनिटांत सात जण, त्यातले पाच विशीतले, एकाच्या हातात स्क्रूड्रायव्हर, आणि ढकलायला सगळे तयार. शौकीन मात्र रॅलीच्या दिवशी गाडी बंद पडू नये म्हणून नवस बोलतात.

हाच मुद्दा घेऊन मी परवा शौकिनांच्या मंडळाच्या बैठकीत गेलो. म्हटलं, महिन्यातून एका रविवारी गाड्या बॉनेट उघडून माळीवाड्यात उभ्या करा. बंद पडलेल्या असल्या तर उत्तम. पान्हे पोरांच्या हातात द्या. आरएक्सवाल्यांना आणि लुनावाल्यांना शेजारी जागा द्या. खजिनदार म्हणाले, “आणि ओरखडा आला तर?” मी म्हटलं, येईलच. त्यावर माझी सूचना कार्यवृत्तात ‘विचारार्थ’ म्हणून नोंदवून घेण्यात आली.

पुढचा विषय युवा आघाडीचा. तरुण कोणाला म्हणायचं यावर पाऊण तास चर्चा झाली. अखेर ठरलं की जो आपल्या गाडीपेक्षा वयाने लहान तो तरुण. या व्याख्येने सभागृहातले दोघे सोडून बाकी सगळे तरुण निघाले आणि तरुणाईचा प्रश्न तिथल्या तिथे निकालात निघाला. आघाडीच्या अध्यक्षपदी एकसष्ट वर्षांचे एक गृहस्थ बिनविरोध निवडून आले. येत्या दिवाळीत नगर ते शिर्डी रॅली काढायचा त्यांचा मानस आहे. वडील किल्ली देतात का, ते विचारून कळवतो म्हणालेत.