फट् म्हणता ताम्हिणी

आत्याच्या दिवेआगरच्या वाडीतला फणस गोठ्यावर कोसळला, हे कळल्यावर घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले. काकांचा मात्र उजळला. "गुरांना काही झालं नाही ना?" हे त्यांनी विचारलं खरं, पण विचारता विचारता त्यांचा हात पलंगाखाली गेला होता. पलंगाखाली कटर होता.

या कटरला पार्श्वभूमी आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि सुपारीच्या, नारळाच्या बागा आडव्या करून गेलं. रस्त्यांवर झाडं, घरांवर झाडं, विजेच्या तारांवर झाडं. त्या दिवसांत ज्याच्याकडे लाकूड कापायची मशीन, तो तालुक्यात आमदारापेक्षा मोठा झाला होता, असं आत्या सांगे. ते ऐकून काकांनी पुण्यात पेट्रोलवर चालणारा कटर घेतला. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा मनात आलं म्हणून तोडता येत नाही. त्यासाठी 1975 चा कायदा आहे. झाडाने आपण होऊन पडावं, एवढीच वाट बघणं काकांच्या हाती होतं. सोसायटीतला एकही गुलमोहर त्यांच्यासाठी पडला नाही. मग दिवाळीत ते कटर गच्चीवर नेऊन उगाच सुरू करीत. खालच्या मजल्यावरची मंडळी पोलिसात जायची भाषा करू लागल्यावर तेही थांबलं. कटर पलंगाखाली गेला. जाताना पोटात पेट्रोल होतं, हे पुढे ताम्हिणीत उघड झालं.

आषाढातली सकाळ. पौड गेलं, मुळशीचं धरण उजव्या हाताला धुक्यात बुडालेलं होतं, ते बघितलं असं समजून पुढे गेलो. ताम्हिणीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या गाडीच्या काचेवर पडत होता. काका मागच्या सीटवर कटर मांडीशी घेऊन बसले होते. डिकीत ठेवू या म्हटलं तर, "आत्ता गरज लागली तर?" म्हणाले.

घाट उतरायला लागलो आणि गरज लागली.

पुढे गाड्यांची रांग. रांगेच्या टोकाला श्रीवर्धनची लाल एसटी आणि एसटीच्या पुढे रस्त्यावर आडवा झालेला ऐन. पुण्याहून धबधब्यांसाठी आलेली मंडळी झाडासमोर उभी राहून फोटो काढत होती. कणसं भाजणाऱ्या मावशींनी प्लास्टिकखालची शेगडी उचलून रांगेच्या मध्यावर आणली होती. धंद्याची जागा त्यांना कुणी शिकवायला नको. बांधकाम खात्याला फोन लावायचा तर रेंज नव्हती. अशा वेळी आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि काका कटर घेऊन खाली उतरले.

गर्दीने वाट करून दिली. एका मुलाने टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर लघुपाटबंधारे खात्यात फाइली सरकवलेल्या माणसाला असा क्षण निवृत्तीनंतर मिळावा, याचं मला खरोखर बरं वाटलं. काकांनी कटर जमिनीवर ठेवला, मागच्या मुठीत बूट रोवला, डाव्या हाताने पुढची मूठ दाबली, चोक ओढला आणि दोरी खेचली. काही नाही. पुन्हा खेचली. पुन्हा काही नाही. मग एकदा 'फट्' झालं. काकांनी विजयी मुद्रेने सगळीकडे बघितलं आणि चोक तसाच ठेवून पुन्हा दोरी खेचली. आणि पुन्हा. आणि त्यानंतर दोरी, पाऊस आणि काकांचा श्वास यांशिवाय कशाचाच आवाज येईना.

बंद पडलेल्या यंत्राभोवती महाराष्ट्रात जी सभा भरते, तिला अध्यक्ष लागत नाही. पहिलं मत इनोव्हातल्या गृहस्थांचं : "बॅटरी गेली असेल." कटरला बॅटरी नसते, हे कळल्यावर ते "मग प्रश्नच मिटला" म्हणून कणीस घ्यायला गेले. बुलेटवरून आलेल्या टोळक्यातल्या एकाने, हातात धरून हवेतच झटक्यात सुरू करतात, असं मोबाइलवर बघितलं होतं. त्याने कटर उचललाही. तेवढ्यात एसटीच्या दारातून आवाज आला, "ठेव खाली! सुरू झाला आणि हातातून निसटला तर मांडीत जाईल."

ह्या कंडक्टरबाई. गळ्यात तिकिटाचं मशीन, डोक्यावर पदराऐवजी प्लास्टिकची पिशवी. पण त्या खाली उतरण्याआधीच मैदान स्कूटरवाल्यांनी घेतलं होतं.

साठीच्या पुढच्या मराठी पुरुषांत एक गुप्त विद्या शिल्लक आहे, ती टू-स्ट्रोक इंजिनाची. स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघितलेले, पंपावर पेट्रोलात ऑइल मारून घेतलेले, प्लग काढून पॉलिश पेपरने घासलेले हे लोक. रस्त्यावरून टू-स्ट्रोक गाड्या गेल्या आणि ही विद्या निरुपयोगी झाली. मुलं ऐकत नाहीत, नातवंडांची स्कूटर बटणावर सुरू होते. आणि आज, भर ताम्हिणीत, टू-स्ट्रोक इंजिन समोर पडलेलं! एसटीतून, मोटारींतून, एका टेम्पोच्या हौद्यातून ज्येष्ठ नागरिक उतरू लागले. एकाने तर गुडघ्याचा पट्टा सोडून ठेवला.

"तिरकी करा!" पहिला आदेश आला.

काकांनी कटर डावीकडे कलता केला, मग उजवीकडे. स्कूटर तिरकी केली की सुरू व्हायची, कारण तिच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता फ्लोट असे. कलती केली की पेट्रोलाची पातळी सरके आणि इंजिनाला घोटभर जास्त मिळे. कटरमध्ये फ्लोटच नाही. तिथे पातळ पडदा असतो, तो इंजिनाच्या दाबाने खालीवर होऊन पेट्रोल ओढतो, म्हणून कटर आडवा, उलटा, कसाही धरला तरी चालतो. चालायलाच हवा. झाड तोडणारा माणूस फांदीला सरळ हो म्हणू शकत नाही. पण हे सांगायचं कुणाला? चार आजोबा आळीपाळीने कटर तिरका करत होते आणि चौघांच्याही तोंडावर 1980 सालचा आनंद होता.

एक लहान मुलगा मधेच घुसून प्रायमरचा रबरी फुगा दाबत बसला. त्याची आई त्याला ओढू लागली.

"दाबू दे गं," कंडक्टरबाई म्हणाल्या, "जास्तीचं टाकीत परत जातं. मुलाने काही बिघडवलं नाहीये. बिघडवलंय काकांनी."

काका ताठ झाले.

"काका, चोक लावून पहिलं फट् कधी झालं?"

"मगाशीच. चांगलं मोठं झालं."

"तिथेच चोक अर्ध्यावर घ्यायचा होता. तुम्ही पूर्ण ओढून खेचत राहिलात. आत पेट्रोलाचा पूर आलाय. प्लगपाना द्या."

बाईंचं सासर माणगाव तालुक्यात. घरची आंब्याची बाग, आणि पावसाळा सरला की बागेतलं गवत ग्रासकटरने काढायचं काम यांच्याकडे. ग्रासकटरचं इंजिन ह्याच जातीचं. गणवेशाची बाही सारून त्यांनी प्लग काढला. ओला, काळा, तेलकट. सगळ्या स्कूटरवाल्यांनी एकदम "हां!" केलं. एकाने जुन्या सवयीने खिशातून काडेपेटी काढली. प्लगवर पेट्रोल टाकून पेटवून वाळवायचा, ही त्यांच्या काळातली रीत.

"काडी ओढलीत तर इथेच उतरवीन," बाई म्हणाल्या. आजोबांनी काडेपेटी परत खिशात घातली. त्यांचं तिकीट श्रीवर्धनपर्यंतचं होतं.

प्लग काकांच्याच रुमालाला पुसला गेला. स्विच बंद, चोक बंद, प्लगचं भोक माणसांपासून दुसरीकडे, आणि काकांना दोरी खेचायला सांगितलं. भोकातून पेट्रोलाचा फवारा उडाला. एअर फिल्टर उघडला तर त्यात भुसा. गच्चीवर काकांनी काय कापलं होतं, हे विचारल्यावर त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "जुना पाट." काकू दोन वर्षं जो शोधत होत्या, तो हा पाट. मी काही बोललो नाही. आत्याकडे अजून राहायचं होतं.

प्लग बसवला, दोरी खेचली, आणि कटर सुरू झाला! टाळ्या पडल्या. काकांनी हात वर करून त्या स्वीकारल्या आणि रेस दिली. ब्रँऽऽ झालं आणि बंद. पुन्हा सुरू, रेस, बंद.

"पेट्रोल कधीचं आहे?"

"असेल दिवाळीतलं."

"कुठल्या?"

काका धबधब्याकडे बघू लागले. हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची ओढ भारी. हवेतला ओलावा ते ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी पाणी साठतं. पेट्रोलाची गळणीही टाकीच्या तळाशीच पडलेली. म्हणजे काकांचं इंजिन पहिल्या घोटाला पेट्रोल पीत होतं आणि रेस दिली की पाणी. त्यात तेल! एक लिटर पेट्रोलाला 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, हे कटरच्या टाकीवर छापलेलं होतं. काकांनी त्याच्या दुपटीने घातलं होतं. डिंकाच्या लाडवाला तूप घालताना कुणी हात आखडता घेत नाही, तसं इंजिनालाही जरा जास्त बरं, असं त्यांचं म्हणणं. पण टू-स्ट्रोक इंजिनात ते तेल पेट्रोलाबरोबर जळतं. जास्त झालं की प्लगवर काजळी बसते आणि सायलेन्सरची जाळी बुजते. कमी झालं तर मात्र पिस्टनच जाम होतो. स्कूटरवाल्यांपैकी दोघांनी आपापल्या जाम झालेल्या पिस्टनची हकीकत सांगायला घेतली, आणि त्या दोन्ही हकीकती खंबाटकी घाटातल्या असल्यामुळे कुठला घाट जास्त वाईट, यावर वेगळी चर्चा सुरू झाली.

जुनं पेट्रोल बिसलरीच्या बाटलीत ओतून काढलं. नवं आणायचं कुठून? सगळ्यांच्या बुलेट नव्या होत्या. एकाची मात्र जुनी निघाली, कार्ब्युरेटरवाली. तिच्या कॉकची नळी काढली की पेट्रोल हाती. इतका वेळ मित्र त्या बुलेटला भंगार म्हणत होते. तिचा मालक अर्धा लिटर पेट्रोल मोजून देताना जो फुगला, तो मला मुरूडला भेटला तरी ओळखता येईल. ऑइलची बाटली काकांच्या पिशवीत होतीच. प्रश्न उरला अर्ध्या लिटरला 10 मिलिलिटर मोजण्याचा.

"बाजूला व्हा," म्हणत पांढऱ्या मोटारीतून एक डॉक्टरबाई उतरल्या. हातात 10 मिलिलिटरची सिरिंज. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. बाटलीतून ऑइल ओढलं, बुडबुडा काढला, पेट्रोलात सोडलं. आणि मग सहज म्हणाल्या, "हे हत्यार मूळचं आमचंच. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी साखळीची करवत काढली. बाळ अडलं की आईच्या कटीचं हाड कापायला. हाताने ओढायची. तेव्हा सिझेरियनमधून बाई वाचणं कठीणच." लाकडासाठी पेट्रोलवरची करवत आली त्याच्या नंतर शंभराहून अधिक वर्षांनी, 1929 मध्ये जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी काढलेली तशी मशीन चालवायला दोन माणसं लागत. ही माहिती ऐकून गर्दीतल्या पुरुषांनी कटरकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. बायकांनी पुरुषांकडे.

नवं पेट्रोल टाकीत गेलं. चोक पूर्ण, दोरी, 'फट्', आणि अख्खी रांग एका सुरात ओरडली, "अर्ध्यावर!" काकांनी चोक अर्ध्यावर घेतला, पुन्हा दोरी ओढली, आणि कटर असा गरजला की कणसंवाल्या मावशींनी कानावर पदर घेतला. रेस दिली. टिकला. काका झाडाकडे चालून गेले आणि पट्टी बुंध्यावर टेकवली. काही कापलं जाईना.

साखळी फिरतच नव्हती.

पुन्हा शांतता. एसटीचे ड्रायव्हर आतापर्यंत स्टिअरिंगवर हनुवटी ठेवून बसले होते. ते खाली उतरले, काकांच्या हाताशेजारचा पुढचा पंजा मागे ओढला. खट्ट. "हँडब्रेक," म्हणाले आणि परत जाऊन बसले. साखळी भिरभिरू लागली. त्यांनी खिडकीतून आणखी एक वाक्य टाकलं : "दोन्ही टोकं टेकलीयत, वरून थोडं कापा, मग खालून. नाहीतर पट्टी चिमटेल." त्या दिवसातला सगळ्यात कमी बोललेला आणि सगळ्यात उपयोगी माणूस तोच.

कापण्याबद्दल सांगण्याजोगं फारसं नाही. ऐनाचं लाकूड चिवट, पण इंजिन चालू असलं की काम नुसतं वेळेचं. ओंडके तरुणांनी ढकलले. गाड्या हलल्या. पण काका कटर बंद करीनात. मंद आवाजात टुकटुक करणारा कटर पोटाशी धरून ते गाडीकडे आले.

"काका, बंद करा की."

"पुन्हा सुरू नाही झाला तर? दिवेआगरपर्यंत असाच नेऊ. काच उघडी ठेव."

मी समजावलं, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून समजावलं. शेवटी कंडक्टरबाई पायरीवरून उतरल्या, स्विच दाबला, आणि कटर गप्प झाला. "नीट ऐका," त्या म्हणाल्या. "इंजिन गरम आहे तोवर चोक लावायचा नाही. नुसती दोरी. चोक लावलात की पुन्हा पूर. कळलं?"

"कळलं," काका म्हणाले. एसटी पुढे गेली, तिच्यामागे आम्ही.

तिसऱ्याच वळणावर एसटीचे लाल दिवे लागले. रस्त्यावर जांभूळ आडवी. मी गाडी पुरती थांबवायच्या आत काका उतरून पुढे गेले, कटर जमिनीवर ठेवला, मुठीत बूट रोवला. एसटीच्या मागच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. दारातून बाई हात हलवत धावत येत होत्या, "काका, नको! काका..."

काकांनी चोक ओढला.