'इंग'चा इंगा

आमच्या घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिच्यावरची धूळ झटकण्याचं काम माझ्याकडे होतं, तेवढाच माझा तिच्याशी संबंध. त्यामुळे बँकेत जन्म गेला तरी मी दिसेल त्या क्रियापदाला 'इंग' लावत आलो. 'आय अ‍ॅम नोइंग', 'आय अ‍ॅम हॅविंग वन डॉटर'. मराठीत आपल्याला कळतंय, वाटतंय, आवडतंय. सगळं चालूच असतं. ते इंग्रजीत का बंद पाडायचं? मुंबईच्या निस्सिम इझिकेल यांनी आपल्या या 'इंग'वर कविता लिहिल्या. लोक त्या वाचून हसतात. मला बरीच वर्षं त्यांत हसण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

न्यू जर्सीला निघण्याआधी मुलीने फोनवर दम भरला. "बाबा, नो, हॅव, लाइक यांना इंग लावू नका. तुम्ही आपला साधा वर्तमानकाळ वापरा."

"मॅकडोनल्ड्सवाले २००३ पासून 'आय अ‍ॅम लव्हिंग इट' म्हणतायत, ते चालतं?"

"त्यांना व्हिसा लागत नाही, बाबा."

विमानात सगळे झोपले होते आणि मी तांदळातले खडे वेचावेत तसे मनातल्या वाक्यांतून इंग वेचत होतो. उतरलो तेव्हा एकही शिल्लक नव्हता.

काउंटरवरच्या साहेबाने विचारलं, कशासाठी आलात? मी ठणठणीत आवाजात सांगितलं, "आय लिव्ह विथ माय डॉटर इन एडिसन." तिथे काय करता? "आय कुक. आय टेक केअर ऑफ माय ग्रँडसन. आय टेक हिम टू स्कूल." व्याकरणावर बोट ठेवायला जागा नव्हती. हिच्याकडे मी विजयी नजरेने पाहिलंसुद्धा.

साधा वर्तमानकाळ नेहमीच्या, कायमच्या गोष्टींसाठी असतो, हे मुलीने सांगितलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो, दुकान दहाला उघडतं, तसा मी एडिसनला राहतो! तात्पुरत्या मुक्कामाला इंगच लागतो. साहेबाच्या कानांवर पडलं ते एवढंच: पर्यटक व्हिसावर आलेला हा गृहस्थ इथलाच रहिवासी असून स्वयंपाक आणि मूल सांभाळण्याच्या कामाला आहे. आम्हाला आतल्या खोलीत नेऊन बसवलं.

तिथल्या दुसऱ्या साहेबाने विचारलं, "सो यू लिव्ह हिअर, सर?" मी घाबरून ओरडलो, "नो नो, आय डोन्ट लिव्ह!"

मी जिवंत नसल्याची ही कबुली ऐकून तो बघतच राहिला. तेवढ्यात ही पुढे झाली. "अहो, तुम्ही थांबा जरा," असं मला सांगून साहेबाला म्हणाली, "बेबी सी. सिक्स मंथ. गो होम." कर्ता नाही, काळ नाही, इंग तर नाहीच. साहेब हसला आणि दोघांना सहा महिने मिळाले.

तेव्हा लेकीकडे निघालेल्या आजोबांनो, काउंटरवर 'आय अ‍ॅम व्हिजिटिंग' म्हणा, 'आय अ‍ॅम स्टेइंग' म्हणा. आणि तुमच्या स्वयंपाकाची फुशारकी घरी पोचल्यावर मारा.