लघुग्रह कसा पाहावा: नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

साहित्य: एक लघुग्रह, एक सूर्य, तेज मोजता येईल अशी एक दुर्बीण आणि चूक कबूल करण्याची थोडी तयारी.

1. आरोप मागे घ्या. गेल्या महिन्यात झळकणारा लघुग्रह आज मंद दिसला की नवशिका म्हणतो, ‘याला काहीतरी झालंय.’ त्याला काही झालेलं नाही. सूर्य, लघुग्रह आणि तुम्ही यांच्यातला कोन, म्हणजे कलाकोन, बदललाय. धूपछाव साडी तिरकी धरली की वेगळी दिसते, म्हणून कुणी दुकानदाराशी भांडत नाही.

2. वजाबाकी करा. अंतराने पडलेला फरक आधी काढून टाका, मग गिरकीचा. सुमारे 34 किलोमीटर लांबीचा इरॉस हा लघुग्रह 5 तास 16 मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो. कधी कूस दाखवतो, कधी टोक. ते कोनाच्या खात्यावर मांडू नका.

3. प्रतियुतीची रात्र गाठा. सूर्य तुमच्या पाठीशी, लघुग्रह समोर, कोन जवळजवळ शून्य. अशा वेळी खडे आपापल्या सावल्या स्वतःमागेच दडवतात आणि शेवटच्या काही अंशांत तेज एकदम उसळतं. खगोलशास्त्रज्ञ टॉम गेरेल्स यांनी 1956 साली ही उसळी ‘20 मसालिया’ या लघुग्रहावर दाखवली. नाव वाचून फोडणीला तेल तापवू नका. ते मार्सेय शहराचं जुनं नाव आहे.

4. रंगाला भुलू नका. कोन वाढला की बहुतेक लघुग्रह किंचित तांबूस होतात. डोळ्यांना नाही, फिल्टरांना. नवं खनिज सापडल्याचे पेढे वाटण्याआधी कोन तपासा. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातले लघुग्रह पृथ्वीवरून साधारण 30 अंशांपलीकडे दिसतच नाहीत. मोठा कोन हवा, तर पृथ्वीजवळून जाणाऱ्यांची वाट पाहा.

5. सगळ्यांना एका मापाने मोजा. 1985 साली स्वीकारलेल्या एच-जी पद्धतीत ‘एच’ म्हणजे लघुग्रह सूर्यापासून आणि पाहणाऱ्यापासून प्रत्येकी एक खगोलीय एकक (म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराइतकं) दूर असताना, शून्य कोनात दिसणारं तेज. हिशोब केलात तर कळेल, त्यासाठी पाहणाऱ्याला सूर्याच्या पोटात बसावं लागतं. पंचा ओला करून न्या. ‘जी’ म्हणजे कोनाबरोबर तेज कसं बदलतं ते सांगणारा आकडा; तो माहीत नसेल तर 0.15 धरा, सगळे तेच धरतात.

6. शून्य कोनाचा हट्ट सोडा. नोव्हेंबर 2005 मध्ये जपानचं हायाबुसा यान इटोकावा या लघुग्रहावर उतरत होतं. नेमका शून्य कोन साधला आणि फोटोत यानाचीच सावली आली, भोवती उजळ वलय.

सराव घरच्या घरी: सकाळच्या उन्हात नांगरलेल्या रानात सूर्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्या डोक्याच्या सावलीभोवतीची ढेकळं उजळलेली दिसतील. आपण संतपदाला पोचलो असं वाटलं, तर शेजारच्याला विचारा. त्याला ते वलय त्याच्याच डोक्याभोवती दिसत असतं.