पान उलटून बघितलंत?

प्रत्येक सोसायटीत एक तरी कीडपारखी असतो. आमच्या पुण्यात, विशेषतः कोथरूड-सहकारनगरकडे, इमारतीमागे दीड तरी निघावा. बँकेतून किंवा विम्याच्या ऑफिसातून निवृत्त, गळ्यात दोरीला दहापट भिंग, खिशात पांढऱ्या कागदाची घडी. जिन्यात भेटला की तुमची नाही, तुमच्या जास्वंदीची तब्येत विचारतो.

त्या जास्वंदीवर ‘पांढरं काहीतरी पडलंय’ हे वाक्य मात्र काकांसमोर उच्चारू नये. पांढरं म्हणजे काय? पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, की माव्याने टाकलेली कात? “फांदी हलवा. भुर्रकन उडाली तर माशी. कापसासारखा चिकटून बसला तर पिठ्या. नुसतीच झडली तर कात. आणि पान उलटून बघितलंत?” आपण बघितलेलं नसतं. माणसं पानाची वरची बाजू बघतात आणि किडी खालच्या बाजूला नांदतात, हे काकांच्या मते बागकामातलं मूळ दुखणं.

मग कागद निघतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गुलाबाची फांदी त्यांनी त्यावर टपटप झटकली. पडली ती धूळच, असं आम्हा सगळ्यांचं मत. तेवढ्यात त्यातला एक ठिपका चालू लागला. काकांनी भिंग लावलं, श्वास रोखून पाय मोजले.

“आठ! लाल कोळी. म्हणजे हा कीटकच नव्हे.”

“मग घरातलं कीटकनाशक मारू का?” काकूंनी विचारलं.

“जो कीटकच नाही, त्याला कीटकनाशक काय करणार?”

काकू गुलाबासाठी आल्या होत्या; काका कोळ्यासाठी. हा फरक समजला की माणूस समजतो. झाड म्हणजे त्यांच्या लेखी किडीचा पत्ता. पत्ता सुकला तरी चालेल, नाव चुकता कामा नये. आणि एकदा नाव कळलं की त्या किडीशी त्यांची सोयरीक जमते. माव्याच्या माद्या नराची वाट न पाहता थेट पिल्लं घालतात आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिढीची तयारी आधीच सुरू असते, ही माहिती त्यांनी सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत दिली. पुढे उभ्या, पस्तिशीतही लग्न न जमलेल्या मुलाने शिरा न घेताच रांग सोडली.

एक मात्र खरं. उपाय सांगण्यात काका कच्चे असले तरी ‘थांबा’ म्हणण्यात पक्के आहेत आणि निम्म्या वेळा तेच बरोबर ठरतं. काही दिसलं की फवारा, या आपल्या खाक्यात मरतात ते बऱ्याचदा राखणदार. शेवंतीवरची काळी, नारिंगी ठिपक्यांची, खवलेदार अळी काकूंनी चपलेखाली घेतली तेव्हा काकांना भडभडून आलं. ती ढालकिड्याची अळी होती. मावा फस्त करत शेवंती राखत होती. मोठेपणी लाल, ठिपकेदार, गोंडस होते तेव्हा सगळे फोटो काढतात. बालपण कुरूप म्हणून जीव गेला!

पण कढीपत्त्याच्या प्रकरणात माझं मत काकूंच्या बाजूने आहे. पानावरची पाखराची विष्ठा समजून त्या पुसायला गेल्या आणि विष्ठा चालू लागली. काका धावत आले. लिंबावरच्या फुलपाखराची ही अळी लहानपणी असंच सोंग घेते, पुढे हिरवीगार होते. काडीने डिवचताच तिच्या डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर आलं, उग्र वास सुटला. काका कौतुकाने मागे सरले. काकू नाक धरून. “ब्लू मॉरमॉनच्या गोतावळ्यातली आहे ही! 2015 पासून राज्य फुलपाखरू आहे ते. हात लावाल तर खबरदार!” राज्याचा मान राखता राखता झाडाचे खराटे झाले. काकूंची आमटी महिनाभर नुसत्या मोहरी-हिंगाच्या फोडणीवर निघाली.

खुद्द काकांच्या बाल्कनीत काय आहे? कुंड्यांत माती आहे, मुंग्या आहेत, पाट्यांवर किडींची लॅटिन नावं आहेत. दिवाणखान्यात तेवढी हिरवळ, तीही घरच्या बाईंनी तुळशीबागेतून आणलेल्या प्लॅस्टिकच्या वेलीची. तिच्यावर धूळ बसते. “बसू दे,” बाई म्हणतात, “निदान हिचे पाय मोजावे लागत नाहीत.”